चालू होते, पण थांबते का?

वाचकहो, आज या सदरात मला एक कबुली द्यायची आहे. सदर लिहिणाऱ्यानं चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात अशी अपेक्षा असते, पण आजची गोष्ट माझ्या अडाणीपणाची आहे. गेल्या दिवाळीपासून ती मनात अडकून बसली होती. शिवाय आपल्या बेळगावात पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलेल्या मुलांच्या गाड्या किती घरांसमोर झाकून उभ्या आहेत, ते संध्याकाळी फिरायला गेलं की दिसतंच. माझ्यासारखी चूक आणखी कुणाच्या हातून होऊ नये, म्हणूनही लिहितो आहे.

आमच्या धाकट्याची गाडी दीडशे सीसीची. २०१७ साली त्यानं हप्त्यानं घेतलेली. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. दोन वर्षांपूर्वी पुण्यात नोकरी लागली तेव्हा तो म्हणाला, "तिकडं कंपनीची बस आहे बाबा. गाडी इथंच राहू दे. अधूनमधून चालू तेवढी करत जावा."

मी शब्द पाळला. दर रविवारी सकाळी चहा झाला की गाडीवरचं झाकण काढायचं, मधल्या स्टँडवर उभी करून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, जरा रेस करायची आणि बंद करायची. मग पुसून परत झाकण. दोन वर्षांत बॅटरी उतरली नाही की कार्बोरेटर भरला नाही. रविवारी रात्री मुलाचा फोन आला की तो विचारायचा, "गाडी चालू केली?" मी म्हणायचो, "एका किकमध्ये." तो म्हणायचा, "बरं." झालं. गाडी मात्र मी फाटकाबाहेर काढली नाही. गुडघा दुखतो आणि खानापूर रोडवरची रहदारी आता झेपत नाही.

माझी नोकरी उद्यमबागेत, ग्राइंडिंग मशीनवर. तीस वर्षं काढली. आमच्या शॉपमध्ये एक शिस्त होती. शनिवारी काम संपलं की मशीनच्या बेडवर, सरफेस प्लेटवर, गेजवर तेलाचा हात फिरवल्याशिवाय घरी जायचं नाही. बेळगावचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, घासून चकचकीत केलेलं लोखंड उघडं राहिलं तर सोमवारी तांबूस झालेलं असतं. ही सवय हातात मुरलेली.

गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर गाडी पुसताना पुढच्या चाकाच्या डिस्कवर दोन-चार तांबूस ठिपके दिसले. माझा हात आपोआप तेलाच्या डब्याकडे गेला. वेस्टचा बोळा बुडवला आणि डिस्कवर दोन्ही बाजूंनी छान फिरवला. चाक फिरवून पॅडच्या खालचा भागसुद्धा सोडला नाही. पावसाळाभर महिन्यातून एकदा हाच कार्यक्रम. खंडेनवमीला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पूजेआधी डिस्कवर पुन्हा एक हात फिरवला. पूजेची गाडी चकचकीत दिसायला पाहिजे ना!

आता तुमच्यापैकी जाणकारांनी कपाळाला हात लावला असेल. मला तेव्हा सुचलं नाही.

मुलगा दिवाळीला आला. भाऊबीजेला गाडीवरून डिचोलीला बहिणीकडे जायचं, असा त्याचा बेत. म्हणजे जांबोटी, कणकुंबी आणि पुढं चोर्ल्याचा घाट उतरून गोवा. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला आणि तो फुलं आणायला गाडी घेऊन बाहेर पडला. आमची गल्ली उताराची. मोजून पाच मिनिटांत तो परत आला, गाडी हातानं ढकलत. चेहरा उतरलेला.

गल्लीच्या तोंडाशी एक सहा-सात वर्षांचा मुलगा न फुटलेला फटाका उचलायला रस्त्यात धावत आला होता. यानं ब्रेक दाबला तर गाडी थांबेना. लिव्हर पूर्ण दाबलेली, पायाखालचा ब्रेकही दाबलेला, आणि गाडी आपली चाललेलीच. शेवटी त्यानं हँडल वळवून बांधकामाच्या वाळूच्या ढिगात गाडी घातली. मुलगा वीतभर अंतरानं वाचला. दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही, पण आमच्या चिरंजीवांचे हात थरथरत होते.

"बाबा, ब्रेकला कुणी काही केलंय काय?"

मी म्हणालो, "कोण काय करणार? उभीच तर होती."

खरं सांगतो, त्या क्षणी मला तेलाचा बोळा आठवला होता. पण तोंडातून हेच वाक्य गेलं. तो म्हणाला, "मग जाण्याआधी मेस्त्रीनं पॅड बदलले होते ते हलके घातले असणार. जाऊन विचारतोच." तरीही मी गप्प राहिलो. दुसऱ्याच्या माथ्यावर दोष जातोय हे कळत असूनही गप्प राहिलो. कबुली म्हणालो ती हीच.

दुपारी आम्ही गाडी हळूहळू ढकलत अनगोळच्या मेस्त्रीकडे नेली. सणाची सुट्टी होती, पण तो लक्ष्मीपूजनासाठी गॅरेज झाडून काढत होता. मुलगा जरा तणतणतच बोलला. मेस्त्री शांतपणे खाली बसला. त्यानं ब्रेकची लिव्हर दोनदा दाबली, पुढचं चाक उचलून हातानं फिरवलं, आणि मग डिस्कवर अंगठा घासून तो उन्हात धरला. अंगठा चकाकत होता.

"काय ओ काका, चेनचा स्प्रे मारताना डिस्कवर उडाला काय? नाही, एवढं उडणार नाही. कुणीतरी लावलंय हे."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "मी लावलं. जूनपासून लावतोय. गंज चढू नये म्हणून."

मेस्त्री हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "काका, गाडीत सगळीकडं घासू नये म्हणून तेल घालतात. ब्रेक घासला तरच चालतो." मुलगा काहीच बोलला नाही. थोड्या वेळानं त्यानं मेस्त्रीची माफी मागितली आणि पाना हातात घेऊन त्याच्या शेजारी बसला.

त्या दोन-तीन तासांत जे शिकलो ते आता सांगतो.

पहिली गोष्ट, ब्रेक लागत नाही म्हटल्यावर लगेच सामान बदलायचं नाही. आधी हाताला काय लागतं ते बघायचं. लिव्हर स्पंजासारखी मऊ लागत असेल आणि मुठीपर्यंत येत असेल, तर दोष आतल्या ब्रेक ऑइलमध्ये असतो. ते जुनं तरी झालेलं असतं किंवा त्यात हवा तरी शिरलेली असते. लिव्हर कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर दोष घासणाऱ्या भागात, म्हणजे डिस्क आणि पॅडमध्ये. आणि ब्रेक सोडल्यावरही चाक हातानं जड फिरत असेल, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या पिना अडकल्या आहेत असं समजायचं. आमच्या गाडीत दुसरा आणि थोडा तिसराही प्रकार होता.

दुसरी गोष्ट ऐकून मला जास्त वाईट वाटलं. मोटारसायकलची डिस्क बहुधा स्टेनलेस जातीच्या पोलादाची असते. मोटारीच्या डिस्क ओतीव लोखंडाच्या असतात, त्यांना रात्रीत गंज चढतो. मोटारसायकलच्या डिस्कवर वरवर तांबूस ठिपके आले तरी चार वेळा ब्रेक दाबला की पॅडच ते पुसून काढतात. म्हणजे ज्या ठिपक्यांसाठी मी एवढा खटाटोप केला, ते गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली असती तर गेले असते.

मेस्त्रीनं डिस्क ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारून स्वच्छ फडक्यानं पुसली. फडकं काळं येईनासं होईपर्यंत तीन-चार वेळा. रॉकेल किंवा डिझेल वापरायचं नाही, त्याचा तेलकट थर मागे राहतो. पॅड मात्र त्यानं सरळ बाजूला टाकले. मुलानं विचारलं, "पेट्रोलनं धुऊन, पॉलिश पेपरवर घासून चालणार नाहीत?" मेस्त्री म्हणाला, "नुसते गुळगुळीत झाले असते तर घासून दिले असते. पण पॅडचा मसाला तेल पितोय. वरून सुकल्यासारखा दिसतंय, घाटात तापला की आतलं तेल परत वर येतंय." पॅड जोडीनंच बदलायचे, एक नवा आणि एक जुना असं करायचं नाही.

नवे पॅड घालण्याआधी कॅलिपर उघडला. दोन वर्षं एका जागी बसून पिस्टनच्या बाहेर आलेल्या भागावर मळीचं कडं जमलं होतं. तसाच आत दाबला असता तर मळ रबरी सीलमध्ये गेला असता. म्हणून आधी पुसून साफ केला, मग आत सरकवला. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडल्या होत्या. त्यांना रबराला चालणारं सिलिकॉनचं ग्रीस लावलं. साधं ग्रीस लागलं की ही रबरं फुगतात आणि पिना आणखी अडकतात.

मग ब्रेक ऑइल. आपण सगळे त्याला ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हेच. बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारचा द्रव असतो आणि तो हवेतला ओलावा शोषून घेतो. टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं त्याच प्रकारचा घालायचा. कुणी चुकून इंजिन ऑइल घातलं तर आतली रबरं फुगून ब्रेकच अडकतो. प्रमाणाप्रमाणे नवा डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हीच हद्द १५५ अंशांवर येते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरला तर कॅलिपर चांगलाच तापतो. जुना द्रव उकळला की त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग लिव्हर मुठीपर्यंत येते आणि गाडीला पत्ता नसतो. म्हणून गाडी फिरो वा न फिरो, साधारण दोन वर्षांनी हा द्रव बदलायचा असतो. आमच्या टाकीतला चहाच्या रंगाचा झाला होता. आमच्या बेताच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं होतं. गल्लीतल्या उतारावर कदाचित हा दोष दिसलाच नसता, चोर्ल्यात दिसला असता.

द्रव बदलण्याची रीत सोपी आहे, पण दोन माणसं लागतात. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावायची आणि तिचं दुसरं टोक थोडा द्रव असलेल्या बाटलीत बुडवायचं. एकानं लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्यानं निपल अर्धा आटा सैल करायचं, द्रव बाहेर आला की आवळायचं, आणि मगच लिव्हर सोडायची. नळीतले बुडबुडे थांबून स्वच्छ द्रव येईपर्यंत हेच करत राहायचं. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा शिरून पहिल्यापासून सुरुवात. बाटली सीलबंद नवीच घ्यायची, कपाटातली अर्धी नको. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवायचा, नाहीतर रंग निघतो. लिव्हर मुलानं धरली होती, निपल माझ्या हातात. तीस वर्षं हातात पाने खेळवले, पण मुलाबरोबर एका गाडीवर काम करण्याची ही पहिलीच वेळ.

मागचा ड्रम उघडल्यावर तिथंही उभं राहण्याचे परिणाम दिसले. ड्रमच्या आत गंजाचा पातळ थर, लायनर काचेसारखे गुळगुळीत, आणि लायनर फाकवणारा कॅम कोरडा पडून जड झालेला. म्हणून पाय दाबूनही काही होत नव्हतं. मी सवयीनं धूळ फुंकायला वाकलो तर मेस्त्रीनं खांद्याला धरून मागे ओढलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये. फुंकायची नाही, हवाही मारायची नाही, ओल्या फडक्यानं टिपून घ्यायची. मग ड्रम पॉलिश पेपरनं साफ केला. लायनरची जाडी शिल्लक होती म्हणून त्यांचाही वरचा थर घासला. कॅमच्या दांड्याला बोटभर नव्हे, नखभर ग्रीस. जास्त झालं तर लायनरवर उतरतं आणि परत माझीच गोष्ट. शेवटी पायाच्या ब्रेकचा मोकळा खेळ दोन-तीन सेंटिमीटर ठेवला.

सगळं जोडल्यावर मुलगा लगेच गाडीवर बसायला निघाला. मेस्त्रीनं थांबवलं. नवे पॅड घातल्यावर पहिली लिव्हर रिकामीच जाते. पिस्टन आत ढकललेला असतो, तो पॅडपर्यंत यायला चार-सहा वेळा लिव्हर दाबावी लागते. ती जागेवर उभं राहूनच दाबायची. गॅरेजमधून बाहेर पडता पडता पहिल्याच गाडीला धडकलेले महाभाग त्यानं पाहिले आहेत.

नवे पॅड डिस्कला बसायलाही वेळ लागतो. पाडव्याला सकाळी आम्ही मोकळ्या रस्त्यावर गेलो. चाळीसचा वेग घ्यायचा, हळूहळू दाब वाढवत दहापर्यंत आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थोडं चालवून थंड होऊ द्यायचं. असं पंधरा-वीस वेळा. पहिल्या चार-पाच वेळा ब्रेक बोथट लागला, मग पकड येत गेली. मी कडेच्या दगडावर बसून मोजत होतो.

त्यानंतर तो म्हणाला, "बसा मागे." गुडघा सांभाळत बसलो आणि आम्ही जांबोटीपर्यंत जाऊन आलो. वाटेत चहाला थांबलो तेव्हा त्यानं विचारलं, "बाबा, सकाळीच का नाही सांगितलंत?"

मी म्हणालो, "तुझे हात थरथरताना बघितले आणि बोलायचा धीर झाला नाही."

तो बराच वेळ ग्लासाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चूक माझीपण आहे. चालू करत जावा म्हणालो, चालवत जावा म्हणालो नाही." मग त्यानंच चहाचे पैसे दिले.

परत आल्यावर मी फराळाचं ताट घेऊन त्या लहान मुलाच्या घरी गेलो. त्याचे आजोबा नातवालाच रागावत होते. त्यांना म्हटलं, "पोराला रागावू नका, ब्रेक माझ्यामुळं लागला नव्हता." ते ऐकून घेतल्यावर त्यांनी बसायला खुर्ची दिली.

भाऊबीजेला मुलगा पहाटे निघाला. मेस्त्रीनं बजावलं होतं की घाटात ब्रेक पकडून उतरायचं नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर वेग धरायचा, ब्रेक लागेल तेवढा दाबायचा आणि सोडायचा, पुढचा-मागचा दोन्ही वापरायचे. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं आहे. पण ते चाक अडकू देत नाही, एवढंच त्याचं काम. तेलकट पॅडला पकड आणणं त्याच्या हातात नाही. तेव्हा नवी गाडी आहे म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. सकाळी साडेनऊला लेकीचा फोन आला, "दादा पोचला हो. ओवाळूनसुद्धा झालं." तोवर माझा चहा तीनदा गार झाला होता.

आता आमच्या घरी रविवारचा कार्यक्रम बदलला आहे. स्टँडवर इंजिन घरघरवणं बंद. शेजारचा कॉलेजला जाणारा मुलगा आठवड्यातून एकदा गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणतो आणि दोन्ही ब्रेक नीट वापरतो. त्याला लायसन्स आहे, गाडीचा विमा चालू आहे, हे बघूनच किल्ली दिली. तेलाचा डबा मी चेनपुरता ठेवला आहे. डिस्कच्या बाजूला जाड पुठ्ठा धरल्याशिवाय स्प्रे मारत नाही. ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख टाकीशेजारी चिकटपट्टीवर लिहून ठेवली आहे.

तुमच्याही दारात अशी झाकलेली गाडी असेल, तर मुलगा येण्याआधी आठवडाभर ती मेस्त्रीकडे न्या. निदान त्याला किल्ली देण्याआधी गल्लीत जागच्या जागी दहा पावलं ढकलून दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा. आणि त्या गाडीला तुम्ही प्रेमानं काही केलं असेल, तर तेही त्याला आधी सांगा.

परवाच्या रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा त्यानं विचारलं, "गाडी फिरवली?" मी हो म्हटलं. मग म्हणाला, "गुडघा कसा आहे?" त्यावर आम्ही वीस मिनिटं बोललो.